सांताक्रूझ बेट (कॅलिफोर्निया): सहा माणसं, दोन रात्री तंबूत, नियोजन हवंय

गोंधळी_गणू
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चॅनल आयलंड्सला (कॅलिफोर्निया किनाऱ्याजवळच्या बेटांचं राष्ट्रीय उद्यान) मुक्कामी जायचं घाटतंय. चार मोठे, दोन मुलं (वय ९ आणि १२), निघणार अर्वाइनहून. सांताक्रूझ की ॲनाकापा इथेच घोडं अडलंय. ॲनाकापाला बोट पाऊण तासात पोचते म्हणून मंडळींचा कल तिकडे आहे. बोट, जागा, पाणी, स्वयंपाक, सगळ्याबद्दल सांगा. तंबू आणि स्लीपिंग बॅगा घरात आहेत. कॅम्पिंगची सवय आहे, पण आतापर्यंत गाडी तंबूला खेटून उभी असायची.

तांडेल
शेवटच्या वाक्यातच सगळं आलं. बेटावर गाडीची डिकी नाही, दुकान नाही, कचराकुंडी नाही. जे लागेल ते धक्क्यापासून तंबूपर्यंत पाठीवर न्यायचं आणि उरेल ते, कचऱ्यासकट, परत आणायचं. त्यामुळे बेट निवडताना बोटीचा वेळ बघू नका, पाण्याचा नळ बघा.

ॲनाकापाला पाणी नाही. माणशी रोज एक गॅलन धरा, म्हणजे ३.८ किलो. सहा माणसं, तीन दिवस: ६८ किलो. बोट रद्द झाली तर म्हणून एक दिवस जादा: आणखी २३. झाले ९१ किलो, नुसतं पाणी. आणि बोटीतून उतरलं की समोर १५७ पायऱ्या, वर अर्धा मैल चाल. सावलीला एक झाड नाही. धुक्यात बोटींना इशारा देणारा भोंगा वाजतो तो वेगळाच, कानात बोळे घालून झोपावं लागतं. मुलं घेऊन तिथे राहायला जाऊ नका, दिवसाची सहल करा.

सांताक्रूझवर स्कॉर्पियन नावाच्या धक्क्याजवळच्या तळावर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. धक्क्यापासून खालचा तळ अर्धा मैल, सपाट रस्ता, निलगिरीची दाट सावली. वरचा तळ आणखी अर्धा मैल आत. एकूण ३१ जागा. प्रत्येक जागेला टेबल आणि अन्न ठेवायची पेटी असते. प्रश्न मिटला.

टेकडीवाला
+१ सांताक्रूझला. ॲनाकापाबद्दल इतकंच की एप्रिल ते ऑगस्ट तिथे गल पक्ष्यांची विण असते. कलकलाट, वास, आणि टोपी न घालता फिरलात तर डोक्यावर प्रसाद. ऑक्टोबरात तो त्रास नाही, पण पाण्याचा हिशेब तोच.

गोंधळी_गणू
९१ किलो वाचून मंडळींचा कल तत्काळ बदलला. सांताक्रूझ नक्की. आता आधी काय, जागा की बोट?

तांडेल
आधी बोट बघा, मग जागा, पण दोन्ही एकाच बैठकीत. जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी खुल्या होतात. बोट आयलंड पॅकर्सची, उद्यानाची परवानाधारक सेवा तीच. जागा मिळाली आणि त्या दिवसाच्या बोटीत सहा आसनं नाहीत, असं झालं तर त्या जागेचा उपयोग शून्य. म्हणून बोटीच्या पानावर जायच्या आणि यायच्या, दोन्ही दिवशी सहा आसनं दिसली की दुसऱ्या खिडकीत जागा धरा आणि लगेच परत येऊन बोट पक्की करा. तिकीट मुक्कामी प्रवाशाचं घ्या, दिवसाच्या सहलीचं नव्हे. शनिवार-रविवार पटापट जातात. रविवारी जाऊन मंगळवारी परत यायची तयारी असेल तर निम्मं काम तिथेच होतं, शाळेची सुट्टी जमवा.

आरक्षणात लोक हमखास चुकतात अशा दोन जागा:

एक, सांताक्रूझ बेटाला बोट दोन ठिकाणी लागते, स्कॉर्पियन आणि प्रिझनर्स. नळाचा तळ स्कॉर्पियनला. प्रिझनर्सला उतरलात तर जवळचा तळ डेल नॉर्ते, तोही साडेतीन मैल चढून, चार जागा, पाणी नाही. तिथून स्कॉर्पियन म्हणजे दिवसभराची तंगडतोड. तिकिटावर 'स्कॉर्पियन' शब्द डोळ्यांनी वाचा.

दोन, बोट सुटते व्हेंचुरा हार्बरहून. ऑक्सनार्डच्या बंदराचं नाव 'चॅनल आयलंड्स हार्बर', त्यामुळे नकाशात बेटाचं नाव टाकून गाडी हाकणारे सरळ तिथे पोचतात. ॲनाकापाच्या काही फेऱ्या तिथून असतात, त्यामुळे पाटीही दिसते आणि घोळ पक्का होतो.

सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर हजर राहा. अर्वाइनहून सुमारे ११० मैल आहे. सकाळच्या बोटीसाठी पहाटे चारला उठण्यापेक्षा आदल्या रात्री व्हेंचुरात झोपलेलं बरं.

शंकासुर
रुमाल टाकून ठेवतो. एक शंका: सहा जणांना एक जागा पुरते का दोन घ्यायच्या?

टेकडीवाला
प्रत्येक जागेच्या पानावर माणसांची आणि तंबूंची कमाल संख्या दिलेली असते, ती पाहून घ्या. दोन घ्याव्या लागल्या तर लागून असलेल्या क्रमांकांच्या घ्या. खालच्या तळातल्या घेतल्यात तर मुलांची पायपीट वाचेल.

तांडेल
आता वजन. बोटीत एका नगाचं वजन ४५ पौंड, म्हणजे साधारण २० किलोच्या आत हवं. सामान हातोहात चढतं-उतरतं, धक्क्यावर प्रवासी रांग करून एकमेकांकडे पोती टाकावीत तसं पुढे देतात. त्यामुळे एक भली मोठी बॅग आणि तिला लटकवलेले डबे, चपला, चटया असला अवतार नको. सगळं आत, बंद, आणि उचलायला पट्टा.

सहा जणांचा ढोबळ हिशेब: अन्न माणशी रोज ७०० ग्रॅम धरून तीन दिवसांचं साडेबारा किलो, जादा दिवसाचा शिधा ४, दोन तंबू ७, सहा स्लीपिंग बॅगा ९, चटया साडेतीन, शेगडी-भांडी ३, कपडे १२, वाटेचं पाणी ६. बेरीज ५७ किलो. मुलांना तीन-तीन दिले तर मोठ्यांच्या वाट्याला पावणेतेरा किलो. हे अर्धा मैल सपाटीवर आरामात जातं. यात शीतपेटी आणि घडीच्या खुर्च्या आल्या की दोन फेऱ्या. टेबलाला बाकं असतातच, खुर्च्या घरी ठेवा.

गॅसचे डबे सामानात खोल पुरू नका. बोटीवर ते वेगळे काढून द्यावे लागतात, आणि ऐनवेळी धक्क्यावर सगळी पोतडी उपसत बसणारं एक कुटुंब प्रत्येक फेरीला असतंच.

पिठलंभात
स्वयंपाकाचं मी सांगते. बेटावर लाकूड-कोळशाला बंदी, शेकोटी नाही, फक्त गॅसची शेगडी. त्यामुळे 'रात्री शेकोटीभोवती' हे चित्र डोक्यातून काढा, तिथे डोक्याला लावायचे दिवे आणि पत्ते.

शेगडीबद्दल आधी धोक्याचं. डब्याच्या डोक्यावर थेट बसणारी छोटी शेगडी चहापुरती ठीक. तिच्यावर मोठा तवा किंवा रुंद पातेलं ठेवलंत की उष्णता खाली वळून डबा तापतो. वर वाऱ्यासाठी चहूबाजूंनी पत्र्याचा आडोसा केलात तर डबा फुटूही शकतो. थालीपिठं लावायची असतील तर नळीची शेगडी घ्या, म्हणजे डबा हातभर लांब राहतो आणि आडोसाही करता येतो. डब्याला अधूनमधून हात लावून बघायचा, कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर बंद.

गॅस किती? वाऱ्यात एक लिटर पाणी उकळायला १५ ग्रॅम धरा. सहा जणांचा चहा पाच वेळा ७५, उपमा दोनदा ७०, खिचडी ४५, पिठलं-भात ६०. झाले २५०. म्हणजे २३० ग्रॅमचा एक डबा थोडक्यात कमी पडतो आणि तोही शेवटच्या सकाळच्या चहाला. दोन डबे घ्या. ४५० चा एकच नको, झडप बिघडली तर हातात काही उरत नाही.

खिचडीला तांदूळ ३०० ग्रॅम आणि मूगडाळ १५०. घरीच धुऊन, पंच्यावर वाळवून, हळद, हिंग, जिरेपूड, मीठ मिसळून पिशवी बंद करा. वर 'पाणी ८ वाट्या' असं लिहून ठेवा, तिथे कुणाला आठवत नाही. कुकर नेऊ नका. एवढ्या खिचडीला पाच लिटरचा लागतो, तो नुसताच दोन किलो. त्यापेक्षा चार लिटरचं पातळ पातेलं घ्या. डाळतांदूळ तासभर भिजवा, दणदणीत उकळी आणून पाच मिनिटं ठेवा, झाकण घट्ट लावून पातेलं टॉवेलात आणि मग स्लीपिंग बॅगेत गुंडाळा. चाळीस मिनिटांत मऊ होते. गॅसही वाचतो.

पिठल्यासाठी बेसन २०० ग्रॅम घरी कोरडंच खमंग भाजून न्या, त्यात तिखट, मीठ, वाळवलेल्या लसणाची भरड. तिथे फोडणी करून सहा वाट्या पाणी उकळवायचं आणि पीठ थोड्या गार पाण्यात कालवून सोडायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात भुरभुरलंत तर वाऱ्याने अर्धं शेजाऱ्यांच्या तंबूवर जाईल.

पहिल्या दिवसाला पोळ्या आणि सुकी बटाट्याची भाजी, दुसऱ्याला दशम्या (दुधात भिजवलेल्या तीन दिवस राहतात), सोबत शेंगदाण्याची चटणी. दही, पनीर असलं काही नको, बर्फाचं वजन अन्नापेक्षा जास्त होतं.

खडूस_काकू
स्लीपिंग बॅगेत खिचडीचं पातेलं? सांडलं तर रात्री झोपणार कशात? आणि त्या वासाने जनावरं येतील ते निराळंच. आमच्याकडे तीन लिटरचा कुकर आणि दोन घाणे हीच पद्धत बरी.

पिठलंभात
काकू, वासाचा मुद्दा मान्य. स्लीपिंग बॅग नको, एक जुनी शाल वेगळी घ्या आणि जेवण झाल्यावर ती पेटीत ठेवा, तंबूत नाही. पण तीन लिटरच्या कुकरात डाळतांदूळ निम्म्यावर भरता येत नाहीत, आणि दुसरा घाणा होईपर्यंत पहिल्या पंगतीचे पुन्हा भुकेले होतात.

टेकडीवाला
जनावरांचा विषय निघालाच आहे तर. बेटावर कोल्हे आहेत, खरं तर खोकड म्हणायला हवं, आकार घरच्या मांजराएवढा, वजन दोन किलोच्या आसपास. दिवसाढवळ्या टेबलाखालून फिरतात. दिसायला गोड, पण चेन उघडलेली बॅग, बाहेर ठेवलेला बूट, कोपऱ्यातली चिप्सची पिशवी, काही सोडत नाहीत. त्यांच्याहून हुशार डोमकावळे. ते चेनचा पट्टा चोचीत धरून ओढतात आणि बॅग व्यवस्थित उघडतात. पायवाटेच्या कडेला बॅग ठेवून फोटो काढायला गेलात की कार्यक्रम आटोपला. उपाय पाच पैशांचा: चेनच्या दोन्ही टोकांना एकत्र अडकवणारी छोटी कडी, नाहीतर ब्रेडच्या पाकिटाची तार.

अन्नासोबत टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम आणि कचरा हेही पेटीत. उंदीर आहेत आणि त्यांच्यापासून हँटा विषाणूचा धोका असतो, म्हणून तंबूची चेन सतत लावलेली आणि झोपताना खाली उघड्या जमिनीवर नाही.

अवांतर: हे खोकड एकेकाळी संपायला आले होते. डीडीटी या कीटकनाशकामुळे बेटावरचे टकले गरुड नाहीसे झाले, त्यांची जागा सोनेरी गरुडांनी घेतली. ते आले रानडुकरांची पिल्लं खायला आणि मग खोकडांवर घसरले. २००४ मध्ये नाव संकटग्रस्त यादीत गेलं, डुकरं हटवली, सोनेरी गरुड हलवले, पिंजऱ्यात पैदास केली आणि २०१६ मध्ये नाव यादीतून निघालं. म्हणून त्यांना दशमीचा तुकडा 'एकच' म्हणूनही घालायचा नाही. मुलांना बोटीवरच सांगून ठेवा.

शंकासुर
ऑक्टोबरात समुद्र कसा असतो? आणि बोट लागणाऱ्यांनी काय करावं? आमच्याकडे घाटातसुद्धा पिशवी हातात घेऊन बसणारे आहेत.

तांडेल
एरवी ऑक्टोबर उत्तम. उन्हाळ्याच्या सुरुवातीचं धुकं गेलेलं, पाणी त्यातल्या त्यात उबदार. घात करतो तो सांता ॲना वारा. आपल्या मतलई वाऱ्यासारखा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, पण कोरडा, गरम आणि दांडगा. नेहमीचा वारा वायव्येचा असतो, त्याला बेटाचा आडोसा मिळतो. स्कॉर्पियनचं तोंड मात्र ईशान्येला, त्यामुळे सांता ॲना थेट धक्क्यावर आपटतो. किनाऱ्यावर आकाश निळंभोर, हवा सुंदर, आणि बोट रद्द, असं का झालं ते लोकांना कळत नाही. ते यामुळे.

निघायच्या तीन दिवस आधीपासून राष्ट्रीय हवामान सेवेचा सागरी अंदाज रोज वाचा. लाटेच्या उंचीइतकंच दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं ते महत्त्वाचं. चार फूट आणि १४ सेकंद म्हणजे पाळण्यात बसल्यासारखं. तेच चार फूट ६ सेकंदांनी म्हणजे खिळखिळं करणारं. 'स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी' (लहान बोटींसाठीचा इशारा) दिसली की सकाळी निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा. परतीची बोट रद्द झाली तर एक रात्र वाढते, म्हणून तो जादा दिवसाचा शिधा. रोजची औषधंही एका दिवसाची जास्त.

बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही, तेव्हा ती पोटात टिकत नाही. इथे मेक्लिझिन किंवा ड्रामामाइन सहज मिळतं. मुलांसाठी मात्रा डॉक्टरांना विचारून. उपाशीपोटी येऊ नका, तेलकटही नको, कोरडी पोळी किंवा टोस्ट. बसायचं खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, उघड्यावर, नजर क्षितिजावर. पुढच्या टोकाला मुलांना मजा वाटते, पण तिथेच सगळ्यात जास्त उसळतं आणि भिजायलाही होतं. जॅकेट बॅगेत नको, अंगात. डॉल्फिनचे थवे बरेचदा दिसतात, त्यासाठी कॅप्टन बोट हळू करतो, आणि थांबलेल्या बोटीतच जास्त जण आडवे होतात हेही लक्षात असू द्या.

मीठभाकर
आई-बाबा भारतातून आले आहेत, बाबा ६८. त्यांना घेऊन याच पद्धतीने जमेल का? बाबांना चालायची सवय आहे.

तांडेल
चालण्याचा प्रश्न नाही. बोट हलत असताना धक्क्यावर पाय टाकायचा असतो, सामान हातात न घेता, खलाशाचा हात धरून. गुडघे आणि तोल ठीक असतील तर जमतं. दुसरं म्हणजे रात्री टॉर्च घेऊन तंबूबाहेर, साध्या कोरड्या संडासाला जावं लागतं. आणि तळावर मोबाइलला रेंज जवळपास नाहीच, तब्येत बिघडली तर मदत येईपर्यंत वेळ जातो. हृदयाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर आधी सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची सहल करा, बाबांनाच ठरवू द्या.

गोंधळी_गणू
मधल्या दिवशी कुठे चालावं? ९ वर्षांच्या मुलीच्या बेताने. आणि बहिणीचे नवरात्राचे उपवास त्याच आठवड्यात येतायत, तिचं काय?

टेकडीवाला
पोचल्या दिवशी संध्याकाळी कॅव्हर्न पॉइंट, फेरी दोन मैलांची, चढ छोटा पण खडा. मधल्या दिवशी पोटॅटो हार्बर, जाऊन-येऊन पाच मैल, एकदा वर चढलं की कड्याच्या वरून जवळपास सपाट. स्मगलर्स कोव्ह साडेसात मैल, येताना चढ आणि सावली नाही, तो मुलीसाठी नको. वर कुठेही पाणी नाही, माणशी दोन लिटर तळावरून भरून न्या. कड्याच्या कडा ठिसूळ आहेत, फोटोसाठी काठावर जायचं नाही, खालची माती पोकळ असते. निळंशार पाखरू दिसलं तर नीट बघा, बेटावरचा स्क्रब जे, जगात फक्त याच बेटावर सापडतो.

ओढ्याकाठी पॉयझन ओक आहे. तीन-तीन पानांचा झुपका, शरद ऋतूत लालसर होतो, पानं झडल्यावरही काड्या उततात. बिब्ब्याच्याच कुळातला आहे, बिब्बा उततो तसाच हा उततो. लागलं तर लगेच साबण आणि गार पाणी, चोळायचं नाही.

पिठलंभात
उपवासाला भगर! तळावर तिच्याइतकं सोयीचं काही नाही. माणशी ६० ग्रॅम, तिप्पट पाणी, दहा मिनिटांत शिजते. दाण्याची आमटी करायची तर दाण्याचं कूट, सैंधव आणि तिखट घरून एकत्र करून न्या. साबुदाणा नको, भिजवण्याचं गणित तिथे हमखास चुकतं आणि गोळा होतो. तो खरवडायला पाणी लागतं ते वेगळं.

भांडी आधी कागदाने पुसून घ्या, तो कागद कचऱ्याच्या पिशवीत, मग अगदी थोड्या पाण्यात खळबळा.

गोंधळी_गणू
बहिणीने विचारलंय, कढीपत्त्याची डहाळी आणि घटाच्या माळेसाठी चार झेंडूची फुलं चालतील ना? आणि लाडू खोक्यातून आणते म्हणतेय.

टेकडीवाला
तिन्ही नाही. जिवंत रोपं, तोडलेली फुलं, माती, साल असलेलं लाकूड आणि पन्हळी पुठ्ठ्याची खोकी बेटावर न्यायला मनाई आहे. पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये किड्यांची अंडी आणि मुंग्या बसून येतात. या बेटावर अर्जेंटिनी मुंग्या शिरल्या, त्या निपटताना नाकी नऊ आले. कढीपत्ता वाळवून, चुरून मसाल्यात घाला. लाडू स्टीलच्या डब्यात. माळ घरी बांधून या, कुणीतरी शेजारी सांभाळेल.

निघायच्या आदल्या रात्री बुटांचे तळवे जुन्या ब्रशने घासा, मोज्यांवरची कुसळं आणि तंबूच्या खालच्या बाजूला चिकटलेली मागच्या सहलीची माती काढा. खुंट्याही धुऊन घ्या. तिथली जमीन ऑक्टोबरात विटेसारखी कडक असते, पत्र्याच्या पातळ खुंट्या वाकतात. जाड खिळ्यासारख्या दहा-बारा घ्या. हातोडी नको, धरायला सोयीचा दगड तिथे सापडतो, वापरून झाला की उचलला तिथेच परत.